ती घागर भरलेली होती

ती घागर भरलेली होती. काठोकाठ भरलेली होती, इतकी की जिच्या डोक्यावर ती होती त्या बाईच्या कानामागून एक ओघळ उतरून तिचा खांदा भिजवत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हाताच्या अंतरावरून पाहिलं होतं. आणि तरी दोन महिन्यांनी, आमच्या घरात, सगळ्यांच्या देखत मी सांगितलं की ती रिकामी होती.

आज मी पन्नाशीला टेकलो आहे. इतकी वर्षं शाळामास्तर आहे. दर वर्षी निकाल वाचून दाखवतो आणि दर वर्षी एखादा नापास झालेला मुलगा मला कारण सांगतो. दौत सांडली, शेजारचा हलवत होता, डोळ्यात कचरा गेला. माझे सहकारी अशा मुलांवर संतापतात. मला संतापायची सोय नाही. मी त्या पोरांचं सगळं ऐकून घेतो, आणि मनात म्हणतो, बरं आहे बाबा, निदान दौतीला पोट नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची ही गोष्ट. आम्ही इंदापूरला राहायचो. वडील शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. पेठेत तेव्हा नळ नव्हते. गोडं पाणी गावाबाहेरच्या विहिरीवरून आणावं लागे. ज्या घरात पाणी भरायला माणूस नाही, किंवा माणूस आहे पण त्याचा मान मोठा आहे, अशा सहा घरी एक बाई पाणी भरायची. त्यांत एक घर आमचं. आमच्याकडे मान कुणाचा मोठा होता हे मला कधी कळलं नाही, पण आत्या म्हणायची की आपल्याकडे बायका विहिरीवर जात नाहीत, आणि आत्यापुढे वडीलही बोलत नसत.

पाणी भरणाऱ्या बाईला मी मावशी म्हणायचो. उंच, काटक बाई. नवरा दम्यानं अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे घर तिच्या मानेवर चालायचं, अगदी शब्दशः. मी मराठी चौथी पास झालो तेव्हापासून ती मला 'मास्तर' म्हणू लागली होती. त्या काळी सातवीची फायनल परीक्षा पास झाला की मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकायचा, आणि आमच्या घरात तिथवर पोचणारा मी पहिलाच होतो.

फायनलचं केंद्र बारामतीला होतं. निघायच्या दिवशी वडील मोटारीत जागा धरायला वळकटी घेऊन पुढे गेले. मी हातावरचं दही चाटून, फडक्यात बांधलेली भाकरी आणि शाईची पुडी घेऊन मागून निघालो. पेठेच्या कोपऱ्यावर मावशी उभी. एवढ्या सकाळी तिची खेप नसायची.

"किती येळ लावतोस, मास्तर," ती म्हणाली. "मगाधरनं उभी हाय. मान मोडली माझी."

"कशाला उभी हायस?"

"तुज्यासाठी. बघून घे नीट, भरलेली हाय. आता जा. मला बी कामं हायती."

आमच्याकडचा समज ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कामाला निघालेल्या माणसाला भरली घागर सामोरी आली तर काम होतं, रिकामी आली तर बिघडतं. मावशीनं त्या दिवशी मुद्दाम एक जादा खेप घालून माझं काम होईल अशी तजवीज केली होती. मी फक्त मान हलवली आणि पळालो. मोटारवाला भोंगा वाजवत होता.

बारामतीत वडिलांच्या ओळखीच्या एका बागवानाच्या पडवीत माझी उतरायची सोय होती. वडील मला तिथे सोडून दुसऱ्या मोटारीनं परत गेले. बागवानचाचा रोज सकाळी माझ्या हातावर एक मोसंबं ठेवायचे आणि म्हणायचे, "हे खा, मंग डोस्कं चालतं." पहिले दोन दिवस डोकं चाललंही. मराठी, इतिहास, भूगोल सगळं नीट झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी गणित होतं.

आता खरं कारण सांगतो. तेव्हा ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. सकाळचा पेपर सुटल्यावर भाकरी खाऊन मी शाळेच्या दारात उभा होतो. समोरच्या रस्त्यानं एक गाडा चालला होता. बैलांच्या आठ जोड्या त्याला जुंपलेल्या आणि वर लोखंडाचा एक प्रचंड रूळ आडवा बांधलेला. कुठल्याशा नव्या साखर कारखान्यात उसाच्या चरकाला तो बसवायचा होता. आम्ही चरक पाहिलेला गुऱ्हाळातला, बैलानं फिरवायचा, माणसाच्या कमरेएवढा. हा रूळ आमच्या दुकानापेक्षा लांब होता. मी विचार केला, वेशीपर्यंत जाऊन यावं. वेशीपाशी गाड्याचं एक चाक चाकोरीत रुतलं. गाडीवान म्हणाला, "बघतोस काय, लाव की खांदा." मी खांदा लावला. चाक निघालं. पुढे कालव्याच्या पुलापाशी ते पुन्हा रुतलं. मी पुन्हा खांदा लावला. त्या वेळी मला असं वाटत होतं की मी नसतो तर तो कारखाना उभाच राहिला नसता.

परत आलो तेव्हा निम्मा वेळ होऊन गेला होता. वर्गावर देखरेख करणाऱ्या मास्तरांनी माझे हात पाहिले. ते कोपरापर्यंत वंगणानं काळे झाले होते.

"परीक्षा कसली देतोस?" त्यांनी विचारलं. "गाड्याची का गणिताची?"

उरलेल्या वेळात मी जमेल तेवढं लिहिलं. हौदाची दोन उदाहरणं होती, ती मला वेळ असता तरी आली नसती. पानांवर आकड्यांपेक्षा काळे अंगठेच जास्त उठले. लिहिता न येणाऱ्या माणसानं तो पेपर सोडवला आहे असं तपासणाऱ्याला वाटलं असेल, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

निकाल शाळेत आला. गुरुजींनी मला बाजूला घेतलं. "सगळ्या विषयांत पास आहेस, गणित सोडून," ते म्हणाले. मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि गणित सोडता येत नाही."

गणितात शंभरापैकी एकोणीस गुण होते.

घरी वडील कापड बेतत होते. हातात लाकडी गज होता. त्यांनी आकडा ऐकला आणि गज खाली ठेवला नाही. मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात आत्या माजघरातून बाहेर आली आणि माझ्या नापासाची चौकशी सुरू झाली. आत्या वडिलांची थोरली बहीण. घरातल्या कुठल्याही घटनेचं कारण तिला लागायचंच.

"हातावर दही दिलं हुतं का?" तिनं आईला विचारलं.

"दिलं हुतं. साखर घालून."

"मग कुणी शिंकलं असंल."

"कुणी न्हाय शिंकलं, वन्सं."

"मांजर आडवं गेलं?"

"मांजर माळ्यावर हुतं."

"आक्का, मांजराला न्हाय एकोणीस पडले," वडील म्हणाले. "ह्याला पडल्यात." आणि ते गज घेऊन एक पाऊल पुढे आले.

आत्या मध्ये आली. "थांब की जरा. वाटंत कोण भेटलं रं तुला, निघताना?"

"पाणीवाली मावशी," मी म्हणालो. इथपर्यंत खरं होतं.

"घागर हुती?"

"हुती."

"भरलेली का रिकामी?"

वडील थांबले. आई थांबली. वडिलांच्या हातातला गज अर्धा वर होता आणि माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी त्या गजाकडे पाहिलं.

"रिकामी," मी म्हणालो.

"तरीच," आत्या म्हणाली, आणि खाली बसली. वडिलांनी गज ठेवला. त्यांचा अशा गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण पोरगा मठ्ठ आहे असं मानण्यापेक्षा घागर रिकामी होती असं मानणं त्यांना बरं वाटलं असावं. मला जेवायला वाढलं गेलं. एक चतकोर जास्तच वाढली. ती मी खाल्ली, हेही सांगून टाकतो.

त्या वेळी मला वाटलं, गोष्ट घरातल्या घरात राहील. पण आमचं घर म्हणजे दुकानाची मागची बाजू. पुढे एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं होतं. ते दोन्ही हात पसरून उभं राहून सगळं ऐकत होतं. दिवस मावळायच्या आत पेठेला कळलं की शिंप्याचा मुलगा पाणीवालीच्या रिकाम्या घागरीनं नापास झाला.

खरं तर मावशीची घागर रोजच रिकामी असायची. विहिरीकडे जाताना ती रिकामी नसेल तर कशी असेल? पाणी भरणाऱ्या बाईची निम्मी वाट रिकाम्या घागरीचीच असते. इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता सगळ्यांना ती दिसू लागली. एकाचा बारामतीच्या कोर्टातला दावा फिसकटला, तो म्हणाला, सकाळी पाणीवाली भेटली होती. एकाचं स्थळ परत गेलं. एकाची म्हैस आटली, आणि ती म्हैस तर कुठं निघालीही नव्हती, गोठ्यातच उभी होती. दुकानात बसून लोक हे सांगायचे आणि वडील बटणं टाचत मान डोलवायचे. मी आत पाटी घेऊन बसलेला असे. माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ह्याच्यापासनं कळलं बगा. न्हायतर कळलंच नसतं."

पहिले काही दिवस मावशी मागच्या बोळातून जायची. तो रस्ता दुप्पट लांबीचा. मग तिनं वेगळी युक्ती काढली. विहिरीकडे जातानाही ती घागरीत दोन तांबे पाणी ठेवू लागली. वाटेत कुणी थबकलं की ती थांबायची, डोक्यावरची घागर जराशी हलवायची. आतून खळखळ आवाज यायचा.

"ऐकलंस? जा आता कुठं जायाचं ते," ती म्हणायची.

आमच्या आळीत एक आबा होते, कानानं पार गेलेले. त्यांना खळखळ ऐकू यायची नाही. ते म्हणायचे, दाखव. मग ती भर रस्त्यात घागर खाली उतरवायची, आबा वाकून आत डोकवायचे, त्यात स्वतःचं तोंड दिसलं की त्यांचं समाधान व्हायचं, आणि मग ती घागर पुन्हा डोक्यावर. आबा दिवसातून चार वेळा बाहेर पडायचे, आणि चारही वेळा त्यांना काही महत्त्वाचं काम नसायचं.

पेठेत लग्न असलं की मावशी चक्क काठोकाठ भरलेली घागर विहिरीवर नेई, तिथं ओतून देई आणि पुन्हा भरून आणी. विहिरीवरच्या बायकांना ते फार गमतीचं वाटे.

"काय गं, विहिरीला पानी कमी पडलं व्हय?"

"विहिरीला न्हाय," ती म्हणायची. "पेठंतली डोस्की रिकामी हायती, म्हणून घागर भरून न्यावी लागती."

हसायला हे बरं होतं. पण जाता-येता वजन वाहून ती दमायची आणि खेपा कमी व्हायच्या. त्यात लोकांनी तिला घरातून काढायला सुरुवात केली. सहा घरांची तीन झाली. पहिलं घर आमचं गेलं. आत्यानं तिला उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की उद्यापासून नको. मावशीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाटीवर काहीतरी खोडत होतो. पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

मग पाणी कोण भरणार, हा प्रश्न आला. वडिलांनी तो ताबडतोब सोडवला. "ह्याला काय काम हाय? पुन्हा परीक्षेला अजून साल हाय. भरू दे पानी." त्यामुळे आमच्याकडे बायका विहिरीवर जात नाहीत हा आत्याचा मान राहिला, आणि मी विहिरीवर गेलो.

पहिल्या दिवशी मी दोनदा घागर सांडली आणि एकदा स्वतः सांडलो. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. मावशी पुढे आली.

"चुंबळ अशी करत्यात व्हय? ही काय पागोट्याची घडी हाय? घट्ट वळ. आन खाली बघू नगंस, मास्तर. पानी पायाकडं बघणाऱ्याच्याच अंगावर येतं."

नापास झाल्यावरही ती मला मास्तरच म्हणत होती. टोमणा असता तर मी सहन केला असता. पण तो टोमणा नव्हता, सवय होती. 'रिकामी' हा शब्द कुणी उच्चारला हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तेव्हा तिला नसणं शक्य नव्हतं. ती त्याबद्दल माझ्यापाशी एक अक्षर काढत नव्हती. मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगून टाकू. एकदा धीर करून म्हणालोही, "मावशी, एक बोलायचंय."

"आधी पोहरा सोड," ती म्हणाली. "मागं बायका खोळंबल्यात."

मी पोहरा सोडला आणि माझा धीरही त्याच्याबरोबर खाली गेला.

गुरुजी मला शाळा सुटल्यावर गणित शिकवत. माझं दुखणं हौद होतं. एका हौदाला दोन नळ आहेत, पहिल्यानं तो चार तासांत भरतो, दुसऱ्यानं सहा तासांत, आणि तळाच्या तोटीनं भरलेला हौद बारा तासांत रिकामा होतो. तिन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? मी कधी सगळ्यांची बेरीज करायचो, कधी सगळ्यांची वजाबाकी. एकदा माझा हौद भरायला लागायच्या आधीच रिकामा झाला. गुरुजींनी खडू खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं.

हे उदाहरण मी विहिरीवर पुटपुटत होतो. मावशीनं ऐकलं.

"वरनं भरायचं आन खालनं सोडायचं? कोण शाणा असं करतो?"

"पुस्तकात हाय."

"पुस्तकात कशाला, तुमच्या घरात हाय," ती म्हणाली. "तुमचा रांजण पाझरतो. बुडाशी चीर हाय त्याला. कधी ध्यान दिलंस?"

मी दिलं नव्हतं. मी रोज तो भरत होतो आणि तो का भरत नाही म्हणून रोज चिडत होतो.

"तो सहा खेपांचा रांजण हाय," ती म्हणाली. "पर मी आठ खेपा घालायची. एक खेप आणीस्तवर किती उतरतो ते बघायचं. आणलेल्यातनं गेलेलं वजा घालायचं. जे उरतं ते खरं. सावकाश चाललास तर जास्ती पाझरतं, बिगी बिगी चाललास तर कमी. ह्याला कशाला पुस्तक पायजे? मान दुखती तवा आपसूक कळतं."

मी त्या दिवशी घरी जाऊन रांजणात काडी उभी करून खुणा केल्या. एका तासात किती आलं, एका तासात किती गेलं. मग पाटी घेतली. एका तासात पहिला नळ पाव हौद भरतो, दुसरा सहावा हिस्सा, आणि तोटी बारावा हिस्सा घालवते. आलेल्यातून गेलेलं वजा. उरला तिसरा हिस्सा. म्हणजे हौद तीन तासांत भरणार. मी तिथंच रांजणापाशी बसून राहिलो. ज्या बाईचं काम मी घालवलं होतं तिनं मला माझ्याच घराच्या रांजणातून गणित शिकवलं होतं. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही. आत्यानं माझी दृष्ट काढली.

साल सरलं. पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा केंद्र बारामती. या खेपेला आत्यानं काही नशिबावर सोडलं नाही. दोन दिवस आधीपासून तिनं घरोघरी निरोप दिले की अमुक दिवशी सकाळी आमचा मुलगा परीक्षेला निघणार आहे, तोवर कुणी घागर, कळशी, बादली घेऊन दाराबाहेर पडू नये. एकीनं विचारलं, तांब्या चालेल का? आत्यानं विचार करून नाही म्हणून सांगितलं. ठरल्या सकाळी पेठ अशी सामसूम होती की वाटावं कुणी मोठा माणूस वारला आहे. पुढे टेहळणीला आत्या, मध्ये मी, मागे दह्याची वाटी घेऊन आई.

कोपऱ्यावर मावशी उभी होती. घागर डोक्यावर नव्हती, काखेत होती.

"अगं बाई, बाजूला हो," आत्या म्हणाली. "निरोप न्हाय का पोचला?"

"पोचला की. रस्ता सरकारचा हाय, आक्का." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, बघून घे नीट." आणि तिनं घागर माझ्यासमोर उपडी केली. एक थेंब पडला नाही. वर बुडावर दोन चापट्या मारून दाखवल्या. "रिकामी हाय. आता जा आन पास हो."

आत्यानं कपाळाला हात लावला. तिला मला घरी नेऊन, पाच मिनिटं पाटावर बसवून पुन्हा पहिल्यापासून बाहेर काढायचं होतं. पण तिकडे मोटारीचा भोंगा आणि त्याहून मोठ्यानं वडील ओरडत होते. मी निघालो. काय झालं आहे ते माझ्या नीट लक्षात आलं होतं. पेठेतल्या सगळ्या दारांच्या फटीतून डोळे बघत होते. मी पास झालो तर रिकाम्या घागरीनं काही बिघडत नाही हे त्यांना दिसणार होतं. नापास झालो तर तिची उरलेली तीन घरंही जाणार होती. तिनं स्वतःच्या पोटाची भाकरी माझ्या हौदाच्या गणितावर लावली होती, आणि माझं हौदाचं गणित कसं आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बारामतीत बागवानचाचांनी मोसंबं दिलं, ते मी तसंच फडक्यात बांधून ठेवलं. गणिताच्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाकावरून उठलोच नाही. भिंतीकडे तोंड करून बसलो. बाहेर रस्त्यावर बैलांच्या घुंगुरमाळा वाजल्या, चाकं करकरली, पोरं ओरडत पळाली. मी कानांत बोटं घातली. गेल्या वर्षीचेच मास्तर देखरेखीला होते. त्यांनी येऊन माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पुढच्या बाकाकडे गेले.

पेपरात पाचवा प्रश्न हौदाचा होता. तळाला तोटी होती. मी तो सोडवला आणि मग तीन वेळा आमच्या रांजणात घालून तपासला.

मी पास झालो. गणितात एकाहत्तर गुण पडले. गुरुजींनी दोनदा यादी पाहिली. वडिलांनी मला नवा कोट शिवला आणि गज कपाटामागे टाकून दिला.

मावशीची घरं परत आली. तिनाची सहा झाली, सहाची आठ. मला वाटलं, फिटलं. मी काही न बोलता सगळं आपोआप नीट झालं. इतकं स्वस्त समाधान मी आयुष्यात दुसऱ्यांदा मानलेलं नाही. कारण आत्याला इथंही कारण लागलं. दुकानात बसून ती सांगू लागली, "घागरीचं काय न्हाय. त्या बाईच्या मनावर हाय सगळं. पैल्या साली तिचं मन खोटं हुतं म्हणून पोरगं पडलं. औंदा तिनं मनावर घेतलं, तर चढलं." लोकांना ते पटलं. ते तिला पाणी भरायला बोलवायचे ते भिऊन. कोर्टाला निघालेला एक जण तर रिकामी घागर घेऊन सामोरी ये म्हणून तिच्या दारात गेला. ती म्हणाली, "रिकामी घागर घेऊन उभं राहाया मला येळ न्हाय." तो म्हणाला, असं म्हणू नका बाई, मन खोटं करू नका. आधी तिला अहोजाहो कुणी करत नव्हतं. आता करत होते, आणि तिच्या सावलीतून पोरांना बाजूला ओढत होते.

मला पळसदेवच्या शाळेत नेमणूक मिळाली. निघायच्या सकाळी मी विहिरीवर गेलो. बायका यायच्या होत्या. मावशी एकटीच रहाटापाशी होती. या खेपेला मी पोहरा सोडायच्या आधी बोललो.

"मावशी, मागं मी नापास झालो तवा सांगितलं की तुजी घागर रिकामी हुती. ती भरलेली हुती."

तिनं दोर ओढायचा थांबवला नाही. "मला काय सांगतोस? माज्या डोक्यावर हुती की ती. वजन मला कळलं न्हाय व्हय?"

"मग तू कुणाला बोलली का न्हाईस?"

"बोलले. तुमचं सोडून पाची घरी बोलले. पाणीवालीचं कोण ऐकतं? मास्तराचं ऐकत्यात." तिनं पोहरा काठावर घेतला. "तुला सांगायचंच असंल तर जिथं पैल्यांदा बोललास तिथं सांग. चल, मी येती. घागर भरू दे तेवढी."

आम्ही दोघं पेठेतून निघालो, पुढे ती भरली घागर घेऊन, मागे मी नव्या कोटात. दुकानात वडील मशीन चालवत होते. माप द्यायला आलेलं एक गिऱ्हाईक हात पसरून उभं होतं, आणि आबा नेहमीसारखे बाकावर बसले होते. आत्या माझ्या वाटेच्या दशम्या बांधत होती. मावशी उंबऱ्याबाहेर थांबली. मी आत जाऊन उभा राहिलो. रात्रभर मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, आणि मास्तर झालो होतो, म्हणून ते पुस्तकी भाषेत पाठ केलं होतं.

"मागे मजकडून असत्य भाषण घडले असून," मी म्हणालो, "त्यायोगे एका निरपराध व्यक्तीस जो उपसर्ग पोहोचला—"

वडिलांनी मशीन थांबवलं. "कुणाला काय पोचलं?"

"मोठ्यानं," आबा म्हणाले.

बाहेरून मावशीचा आवाज आला. "मास्तर, मान अवघडली माजी. कळंल असं सांग."

मी आत्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, मग आबांच्या बाकापाशी सरकलो, म्हणजे त्यांनाही ऐकू जाईल, आणि दाराकडे तोंड करून ओरडून सांगितलं, "पैल्या परीक्षेला निघालो तवा मावशीची घागर भरलेली हुती. माज्यासाठी भरून घेऊन ती कोपऱ्यावर उभी हुती. माराच्या भीतीनं मी खोटं बोललो. नापास मी माज्या कर्मानं झालो, पेपर सोडून गाडा ढकलायला गेलो हुतो. मावशी, माजं चुकलं. मला माफ कर."